मोडीत देण्याआधी

मोडीच्या काट्याला फक्त वजन कळतं. पितळ किती, तांबं किती, एवढं सांगून तो मोकळा होतो. वस्तू कुणी घडवली, कुणाच्या घरात ती वापरली गेली, तिच्या बुडावर काय कोरलंय, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. पुण्यात रविवार पेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागच्या अंगाला हा काटा. नवी भांडी पुढे विकायची, जुनी मागे वजनावर घ्यायची, हा धंदा आजोबांपासूनचा. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, हाताखाली मी तिथे बसायला लागले, तोवर स्टीलने पितळेला स्वयंपाकघरातून हुसकून लावलं होतं. माळ्यावरची भांडी मात्र खाली येतच होती. वाडा पाडायला निघाला, नव्या फ्लॅटमध्ये जागा नाही, कल्हईवाला फिरकत नाही, सासूबाई गेल्या. कारणं हीच, आलटून पालटून.

अण्णांनी काट्याशेजारी भिंतीला एक फळी मारून घेतली होती. मोडीत आलेल्या ज्या वस्तूवर नजर अडकेल ती त्या फळीवर ठेवायची आणि नीट बघून झाल्याशिवाय भट्टीच्या पोत्यात टाकायची नाही, असा दुकानाचा नियम. आज जुन्या धातूच्या वस्तू ओळखणं आणि त्यांची किंमत करून देणं हेच माझं मुख्य काम झालंय, आणि त्यातलं बहुतेक सगळं मी त्या फळीसमोर शिकले. या कामातून माझं एक मत पक्कं झालं. जुन्या वस्तूचं मोल धातूत थोडं असतं, कारागिरीत त्याहून जास्त आणि तिच्याविषयी जे ठाऊक आहे त्यात सगळ्यांत जास्त. हे ठाऊक असणं कधी वस्तूच्या अंगावर कोरलेलं असतं, कधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतं. आपण दोन्हीकडे बघत नाही.

अण्णा कुठलंही भांडं हातात घेतलं की आधी पालथं करायचे. "बूड बघ. तोंडाला सगळे चकाकी आणतात, बुडाकडे कुणाचं लक्ष नसतं." मराठी घरांत भांड्यावर नाव घालायची पद्धत होती, त्यामुळे आपल्याकडची जुनी भांडी बऱ्याचदा स्वतःच बोलतात. लग्नकार्यात हंडे-परातींची आळीभर देवाणघेवाण व्हायची, आपलं भांडं आपल्याकडे परत यावं म्हणून नाव. ते नाव कसं घातलंय त्यावरून काळ कळायला मदत होते. जुनी नावं छोट्या छिन्नीने ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेली असतात. विजेच्या यंत्राने घातलेलं नाव सलग, थरथरत्या रेघेचं असतं. कित्येकदा नावाबरोबर शके असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे शके १८१२ दिसलं तर ते साधारण १८९० सालचं. गुजराती कुटुंबाचं भांडं असेल तर संवत असतो, त्यातून ५७ किंवा ५६ वजा करायचे.

आता हा शक खोटाही असू शकतो. दुकानात एकदा एक भलंमोठं घंगाळ आलं, त्यावर शके १७०० च्या आसपासचं साल होतं. मी भिंग लावून ठिपक्यांच्या आत बघितलं. घंगाळाचा पृष्ठभाग काळपट तपकिरी आणि ठिपक्यांच्या पोटात लखलखीत पिवळं. नखाला प्रत्येक ठिपक्याची कड टोचत होती. शंभर वर्षं राखेने, चिंचेने घासलेल्या अक्षराला कड राहत नाही, ते बोटाखाली गुळगुळीत लागतं आणि त्याच्या खोबणीतही बाहेरच्याइतकाच जुना रंग धरलेला असतो. घंगाळ जुनंच होतं, चांगलं होतं. साल मात्र नवं होतं, आणि त्या सालाने एका चांगल्या वस्तूवरचा विश्वास घालवला होता.

संस्थानिकांच्या घरातली भांडी वाचायला मला विशेष आवडतात. त्यांवर ‘मुदपाकखाना’ किंवा ‘फरासखाना’ असं खातं कोरलेलं सापडतं, अनुक्रमांक असतो आणि पुष्कळदा वजनही. चांदीच्या भांड्यांना खाली तोळ्यांत वजन घालायची रीत तर साध्या घरांतही होती. हे वजन म्हणजे वस्तू तपासायची किल्लीच. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. तांब्यावर ६४ तोळे लिहिलं असेल तर तो घडला तेव्हा सुमारे ७४६ ग्रॅम असणार. आज तो पाच-दहा ग्रॅम कमी भरला तर काही बिघडलं नाही, तेवढी चांदी पिढ्यान्‌पिढ्यांच्या घासण्यात गेली. जास्त भरला तर मात्र कुठेतरी ठिगळ आहे किंवा डाख भरलाय, तो शोधायचा.

बुडानंतर सांधा. तांब्याचा जुना बंब किंवा हंडा आतून बघितला तर लाल तांब्यात एक पिवळी नागमोडी रेघ दिसते. पत्र्याच्या दोन्ही कडांना कातरून दाते पाडायचे, ते एकमेकांत अडकवायचे, वर पितळेचा डाख झाळायचा आणि सांधा ठोकून सपाट करायचा, अशी ती पद्धत. पुढे गॅसच्या वेल्डिंगने सरळ सांधे आले. दातेरी सांधा असलेला बंब आला की मी तो आधी फळीखाली सरकवते, कारण तसा सांधा करणारे हात आता फार थोडे उरलेत. कसबा पेठेतल्या तांबट आळीत मी अजून जाते. पेशव्यांच्या काळापासून पुण्यात वसलेले हे कारागीर मठारकाम करतात, म्हणजे तांब्यावर हातोडीचे एकापुढे एक ठोके देत धातू घट्ट करतात, आणि त्या ठोक्यांच्या पैलूंनी भांडं चमकतं. तिथल्या एका मामांनी मला मठार वाचायला शिकवलं. "बोट फिरव. माणसाचा हात दमतो, ताई. ओळ थोडी वाकणार, एखादा ठोका खोल जाणार. साच्याने छापलेलं मठार सगळं सारखं येतं." तेव्हापासून मठारलेल्या भांड्यावर मी आधी डोळे मिटून बोट फिरवते.

मग झीज. माझ्या मते ओळखीचा सगळ्यांत भरवशाचा पुरावा हाच. झीज जिथे हात लागतो, जिथे पळी घासते, जिथे भांडं टेकतं, तिथेच असायला हवी. तांब्याचा गळा, परातीची कड, समईचा दांडा. देवघरातले टाक बघा. खंडोबा, भवानी, जोतिबा, वीर यांच्या टाकांना रोज स्नान, रोज गंध, रोज पुसणं. त्यामुळे नाक, छाती, घोड्याचं डोकं असे उठावाचे भाग झिजून जवळजवळ सपाट होतात आणि खोलगट भागांत जुन्या गंधाचा थर बसलेला असतो. जुना भासवलेला टाक सगळीकडून सारखा झिजलेला असतो, खोलगट भागातसुद्धा, कारण तो ब्रशने किंवा आम्लाने झिजवलेला असतो. घरात पूजेत असलेल्या टाकांची किंमत मात्र मी सांगत नाही. कुणी विचारलं तर वर्णन लिहून देते, फोटो काढून देते आणि आकडा टाळते.

अडकित्त्यांची परीक्षा त्या मानाने सोपी, आणि ती करताना गिऱ्हाईकही खूश होतं. पोपट, मोर, घोडा, राजाराणी अशा आकारांचे अडकित्ते आज सजावटीसाठी ढिगाने ओतले जातात. ते सजावटीचे म्हणून विकले तर त्यात काहीच वावगं नाही. जुना म्हणून समोर आला की मी त्यात एक सुपारी धरते. खऱ्या अडकित्त्याचं पातं पोलादी असतं, पितळी अंगात बसवलेलं, आणि ते खालच्या दांडीवर कडेपासून कडेपर्यंत नेमकं टेकतं. नकली अडकित्त्याचं पातं अंगासकट पितळेत ओतलेलं असतं, ते सुपारीवर घसरतं. आकारांचं वैविध्य बघायचं असेल तर पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघावं. दिनकर गंगाधर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभं केलं. वीस हजारांहून जास्त वस्तू त्यांनी गोळा केल्या आणि त्यांत अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, स्वयंपाकाची भांडी यांना मानाची जागा दिली. घरगुती वस्तूला संग्रहालयाच्या कपाटात बसवण्याचा मान त्या काळी त्यांनी दिला, याचं मला फार मोल वाटतं.

तळेगावकडच्या एक काकू पितळी मापांचा संच घेऊन आल्या होत्या. कोळवं, चिपटं, मापटं आणि शेर, चारही चकचकीत. जुन्या बाजारातून घेतला होता.

"पेशवाईतला आहे म्हणाला तो विकणारा. खरं ते सांगा हं, मला राग नाही यायचा."

शेजारच्या वाण्याकडून ज्वारी मागवली. जुन्या धान्यमापांचं कोष्टक पक्कं आहे: दोन नेळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. शेर गावोगाव लहानमोठा असायचा, त्यामुळे एका शेरात किती ज्वारी मावते यावरून फारसं कळत नाही. एका संचातली मापं मात्र एकमेकांशी जुळलीच पाहिजेत. शीग न लावता, पट्टीने सपाट करून मी दोन कोळवी चिपट्यात ओतली. बरोबर बसली. दोन चिपटी मापट्यात ओतली तर ज्वारी काठावरून टेबलभर सांडली. दोन मापटी शेरात पुन्हा बरोबर.

"काकू, हे दोन संच आहेत. लहान दोन मापं एका मुलखातली, मोठी दोन दुसऱ्या."

"आणि पेशवाई?"

मोठी दोन मापं पालथी केली. बुडावर यंत्राच्या लेथची एकसारखी वर्तुळं होती आणि कडेजवळ तपासणीचा सरकारी शिक्का, घासून अर्धवट गेलेला. मुंबई इलाख्यात वजनमापांचा कायदा १९३२ मध्ये झाला आणि १९५६ च्या कायद्याने देशात दशमान पद्धत आणली, त्यानंतर काही वर्षांत शेर-पायली व्यवहारातून उठली. मी त्यांना सांगितलं की शिक्क्याची दोन मापं बहुधा या दोन सालांच्या मधली आहेत. लहान दोन्ही मापांवर शिक्का नव्हता, ओतकाम हाताचं होतं, ती नक्की जुनी होती. पेशवाईतली म्हणायला मात्र काही आधार नव्हता. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं, मग कोळवं हातात घेऊन म्हणाल्या, "आमच्या आईकडे असंच होतं. तांदूळ वैरायला." मी त्यांना म्हटलं, हे लिहून ठेवा. कोणत्या गावाला, कोणत्या कामाला, कुणाच्या हातात. बाजारातल्या वस्तूविषयी त्यांना काही ठाऊक नव्हतं, पण आईच्या मापाविषयी होतं.

धातू ओळखायच्या काही चाचण्या घरी कुणालाही करता येतात. लोहचुंबक चिकटलं तर वर पितळेचा मुलामा आणि आत लोखंड. काशाची वाटी बोटाच्या टिचकीने लांबवर निनादते, पितळेचा आवाज लवकर विरतो. कांसं म्हणजे तांबं आणि कथील, कथील वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणून ते कडक आणि ठिसूळ. वाकलेली काशाची थाळी दिसली तर ती काशाची नाही, कारण कांसं वाकण्याआधी तडकतं. पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं. आणि चांदी म्हणून जे ट्रे, चहाच्या किटल्या, गुलाबदाण्या येतात, त्यांतल्या पुष्कळशा जर्मन सिल्व्हरच्या असतात. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदीचा अंशही नाही. खाली ‘ई.पी.एन.एस.’ अशी अक्षरं असतील तर वर फक्त विजेने चढवलेला चांदीचा पातळ मुलामा.

शंका असेल तर पाणी आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणायचा, मग वस्तू दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता धरायची. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितकं पाणी वस्तूने बाजूला सारलं. वस्तूच्या वजनाला त्या आकड्याने भागलं की तिची घनता मिळते. ४३० ग्रॅमच्या वाटीला काट्याने ५० दाखवले तर घनता ८.६, म्हणजे पितळ किंवा जर्मन सिल्व्हर. तीच वाटी चांदीची असती तर ४१ च्या आसपास दिसले असते, कारण चांदीची घनता १०.५. वस्तू पोकळ असेल, लाखेने भरलेली असेल किंवा तिला लाकडी मूठ असेल तर हा हिशेब चालत नाही. सराफांकडचं कॅरटमीटर क्षणात धातूंचं प्रमाण सांगतं, तेही पृष्ठभागाचंच, आणि वयाविषयी ते यंत्र एक अक्षर बोलत नाही. वयासाठी पुन्हा डोळ्यांकडेच यावं लागतं. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात आले, तेव्हा त्याआधीचा म्हणून आणलेल्या दिव्याला ते मूळचे असू शकत नाहीत. ‘जी.आय.पी.आर.’ कोरलेला कंदील रेल्वेचा असेल तर तो १९५१ च्या आधीचा, कारण त्या वर्षी ती रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. कंदिलावर ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९० यांच्या मधला. पितळी दुर्बिणी आणि होकायंत्रांवर ‘केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७’ अशी अक्षरं सर्रास दिसतात. ही दोन नावं एकत्र आलेली कंपनी १९४० च्या दशकातली. तेव्हा ते साल बघितल्यावर पुढे बघण्याची गरजच नाही.

काही गोष्टी मी सरळ परत पाठवते. ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असं लिहिलेलं, एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान असलेलं नाणं घेऊन लोक मोठ्या आशेने येतात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ती मागाहून केलेली आहेत आणि त्यांना लाखांचा भाव येतो या अफवेत अनेकांची पुंजी अडकते. त्याहून वाईट प्रकार तांदूळ ओढणाऱ्या तांब्याच्या भांड्याचा. ‘राइस पुलर’ म्हणतात त्याला. विजेच्या झटक्याने भांड्यात दैवी शक्ती आलीय, परदेशी कंपनी कोटी रुपये द्यायला तयार आहे, फक्त तपासणीसाठी आधी काही लाख भरा, असा हा सापळा. तांब्याला लोहचुंबक चिकटत नाही आणि तांदळाला तर चुंबकाशी काही देणंघेणंच नाही. तांदळात लोखंडाचा कीस मिसळायचा आणि भांड्यात चुंबक लपवायचं, एवढीच ती शक्ती. एकदा दोन तरुण अशा भांड्याला माझं प्रमाणपत्र मागायला आले होते. "मॅडम, फक्त जुनं आहे एवढंच लिहा." मी नाही म्हटलं, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या, शेत गहाण टाकायला निघालेल्या काकांना बाजूला बसवून तासभर समजावलं. ते ऐकून गेले की नाही, मला माहीत नाही. वर्तमानपत्रात अशा टोळ्यांच्या अटकेच्या बातम्या येत राहतात, म्हणून हे इथे लिहिलं.

आता घासण्याविषयी, कारण सगळ्यांत जास्त मोल तिथे वाया जातं. दिवाळी-गणपतीच्या आधी माळ्यावरचं सगळं चिंच-मिठाने, पावडरीने लखलखीत करायचं, ही आपली हौस. वापरातल्या समईला ती शोभतेच. पण जुनी वस्तू विकायची असेल, वाटणी करायची असेल किंवा नुसती तिची माहिती हवी असेल तर आधी घासू नका. तो काळपट तपकिरी रंग चढायला दशकं लागलेली असतात. कोरीव कामातला काजळीचा थर, तळाच्या आत उरलेला कल्हईचा पांढुरका अंश, हे सगळं पुरावा आहे. आतल्या कल्हईवरून मला कळतं की भांडं शिजवण्यासाठी होतं, पाण्यासाठी नव्हतं. हिरव्या रंगाचे मात्र दोन प्रकार. घट्ट, गडद, नखाने न निघणारा हिरवा थर राहू द्यावा. फिकट, भुकटीसारखा, पुसला तरी पावसाळ्यात पुन्हा उगवणारा हिरवा असेल तर तो धातूला आतून खातोय. क्षारांनी होणारा तो रोगच आहे, कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत जास्त दिसतो. अशी वस्तू इतरांपासून वेगळी, कोरड्या जागी ठेवावी आणि जाणकाराला दाखवावी. जुनं भासवण्यासाठी मूर्तींना आम्ल लावून, मीठ चोळून ओल्या मातीत पुरतात, तो हिरवाही असाच वरवरचा असतो. ओल्या कापसाने पुसला की कापसावर उतरतो.

किंमत करताना मी मोडीच्या भावापासून सुरुवात करते, कारण त्याखाली जायचं कारण नसतं. त्यावर काय चढवायचं हे बाकीच्या गोष्टी ठरवतात. झाकण मूळचं आहे का, साखळी तुटून दुसरी लावलीय का, समईचे आटे एकमेकांत शेवटपर्यंत बसतात का. हाताने पाडलेल्या आट्यांचे तुकडे आपापल्या जोडीलाच बसतात, म्हणून दोन समयांचे तुकडे जोडलेली समई हातात घेताच डुगडुगते. झाकण हरवलेला पानाचा डबा आणि झाकणासकट डबा यांच्या भावात निम्म्याहून जास्त फरक पडतो, हे लोकांना पटत नाही. गाव ठाऊक असेल, घराणं ठाऊक असेल, एखादं जुनं छायाचित्र असेल ज्यात ती वस्तू दिसते, तर संग्राहक खुशीने दुप्पट देतात. नुसत्या मोठ्या आकाराला मी फारशी किंमत देत नाही. भला मोठा हंडा पुष्कळदा वजनाच्या वर जात नाही आणि तळहाताएवढा कुंकवाचा करंडा, नाजूक ओतकामाचा, त्याच्या कित्येक पट जातो. एक पथ्य मी पाळते: जिची किंमत मी सांगते ती वस्तू मी विकत घेत नाही. तुमच्या वस्तूची किंमत सांगणारा आणि ती घेणारा एकच माणूस असेल तर दुसऱ्या कुणाला तरी जरूर विचारा.

धातूवरचं लेखन टिकलं तर केवढी गोष्ट टिकते, हे मला वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर नेहमी जाणवतं. नाना फडणविसांच्या वाड्यामागे देवळापाशी एक मोठी घंटा टांगली आहे. तिच्यावर बाल येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या मोहिमेतून पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा देशावर आल्या आणि देवळांत लागल्या. त्या वितळवून तोफा ओतता आल्या असत्या. कुणी त्यांवरची आकृती घासून काढू शकलं असतं. तसं झालं नाही म्हणून आज कुणीही घंटेखाली उभं राहून तिचा जन्म वाचू शकतं. आणि दायमाबाद. श्रीरामपूर तालुक्यातल्या या गावात १९७४ साली छबू लक्ष्मण भिल या शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार भरीव ओतीव वस्तू सापडल्या: बैल जोडलेला रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्यांचं वजन मिळून साठ किलोच्या वर. अनेक अभ्यासक त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानतात आणि आज त्या संग्रहालयात आहेत. आमच्यासारख्या दुकानाच्या काट्यावर चढल्या असत्या तर साठ किलो भंगार, इतकीच त्यांची नोंद झाली असती. मोडीचं पोतं उपसताना हे माझ्या मनात येतं.

कायद्याची बाजूही सांगायला हवी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. न्यू जर्सीच्या मुलीला आजीची समई द्यायची आहे, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. समई शंभर वर्षांच्या आतली असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घ्यावं, त्याहून जुनी असेल तर ती इथेच ठेवावी. जमिनीत सापडलेल्या वस्तूंना १८७८ चा गुप्तधनाचा कायदा लागू होतो, त्यांची खबर सरकारला द्यावी लागते. मुखवटे, प्रभावळी, घंटा अशा देवळातल्या वस्तू आमच्याकडे आल्या तर कुठून आल्या याचं कागदोपत्री उत्तर मिळाल्याशिवाय मी हात लावत नाही. ते उत्तर टाळणाऱ्याला दुकानातून जायला सांगते.

वाचकांना माझं एकच मागणं आहे. या दिवाळीला माळ्यावरची भांडी खाली काढाल तेव्हा चिंच हातात घेण्याआधी प्रत्येक भांडं पालथं करा. बुडावरचं नाव, शके, वजन, शिक्का यांचा तिरप्या उजेडात फोटो काढा. घरात जे वडीलधारे असतील त्यांना शेजारी बसवा आणि विचारा: हे कुणाचं, कोणत्या गावाहून आलं, यात काय शिजायचं, कुणी दिलं. ऐकलेलं एका चिठ्ठीवर लिहा, खाली तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव घाला, आणि चिठ्ठी त्या भांड्यातच ठेवा. मग विकायचं तर विका, वाटायचं तर वाटा, अगदी मोडीत द्यायचं तर तेही द्या. चिठ्ठी मात्र सोबत जाऊ द्या आणि तिची एक प्रत घरी ठेवा.